दुसऱ्याच्या गाडीचा गिअरबॉक्स

अंकलीच्या पुलावर गाडी चढत असताना दुसरा गिअर सुटला. 'सुटला' हेच क्रियापद आमच्या भागातले मेस्त्री वापरतात आणि त्याहून नेमके क्रियापद आम्हांस आजवर सापडलेले नाही. दांडी आपण होऊन मधल्या जागी आली, इंजिन मोकाट ओरडले आणि गाडीचा जोर सरला. मागे ट्रक, ट्रकच्या मागे एस.टी., खाली श्रावणातली तांबूस कृष्णा. मागच्या आसनावर आई आडवी झाली होती. मिरजेला औषध चढवून झाले की परतीच्या वाटेवर ती नेहमीच तशी आडवी होते. डोळे न उघडता तिने विचारले, "काय झालं रे?" आम्ही "काही नाही" म्हणालो, दांडी पुन्हा दुसऱ्यात ढकलली आणि डाव्या हाताने ती तशीच दाबून धरून पूल ओलांडला. जयसिंगपूर, इचलकरंजी आणि मग कबनूर, एवढी वाट आम्ही एका हाताने चालवली. घरासमोर गाडी थांबल्यावर आई म्हणाली, "ही पण दमली वाटतं." त्या 'पण'चे काय करावे हे आम्हांस त्या संध्याकाळी कळले नाही.

गाडी मारुती ८००, २००३ सालची. गेल्या काही महिन्यांपासून ती तक्रार करीत होती आणि आम्ही ऐकूनही न ऐकल्यासारखे करीत होतो. थंड असताना दुसरा गिअर कर्र करून पडे. तिसऱ्यात एक बारीक सूर लागे, तो वेगाबरोबर चढे. मराठीच्या प्राध्यापकाला सुरांचे फार कळते अशातला भाग नाही, पण यंत्रमागांच्या गावात वाढलेल्या माणसाचा कान यंत्राच्या बाबतीत अगदीच अडाणी नसतो.

दुसऱ्या दिवशी मेस्त्रींनी गाडी सुरू करून न्यूट्रलमध्ये ठेवली. क्लच सोडला की आतून घरघर ऐकू येई, दाबला की ती थांबे. तीन वेळा दाबून, तीन वेळा सोडून ते म्हणाले, "इनपुट शाफ्टचं बेअरिंग." मग त्यांनी गिअरबॉक्सचे तेल ताटात उतरवले आणि दोन बोटांत चोळून उन्हात धरले. बोटांवर सोनेरी चमक होती. ती पितळेची भुकटी होती. चालू गाडीत गिअर बदलताना दोन वेगवेगळ्या गतींनी फिरणारे भाग एका गतीवर आणण्याचे काम सिंक्रोनायझरच्या पितळी कड्या करतात, त्यांच्याकडून ती झिजून आलेली. त्यातच पोलादाच्या काही चकत्याही होत्या आणि मेस्त्रींना काळजी त्यांची होती.

"सर, बेअरिंग काय, बदलता येतंय. कड्या पण मिळतील. पण दुसऱ्याचे दात खाल्ल्यात. किती खाल्ल्यात ते उघडल्याबिगर सांगता यायचं न्हाई. उघडला की मग खर्च थांबत न्हाई. त्यापेक्षा एखादा जुना गिअरबॉक्स बघूया का?"

'जुना' हा शब्द आम्हांस थोडा मजेशीर वाटला. आमच्या गाडीतला गिअरबॉक्स बावीस वर्षांचा होता आणि मेस्त्री ज्याला जुना म्हणत होते तो कदाचित बारा वर्षांचा निघाला असता. पण व्यवहारात आपला तो वापरातला आणि दुसऱ्याचा तो जुना. सोन्याच्या बाबतीत आपण मोड म्हणतो, कपड्यांच्या बाबतीत अंगावरचे, पुस्तकांच्या बाबतीत निर्लज्जपणे सेकंडहँड, आणि अन्नाच्या बाबतीत उष्टे. एकाच वस्तुस्थितीला इतके वेगवेगळे शब्द असणे हे भाषेच्या श्रीमंतीचे लक्षण की संकोचाचे, हा प्रश्न कुणा विद्यार्थ्याने प्रबंधासाठी घेण्याजोगा आहे.

संकोचाचे कारण सांगायला हवे. आमचे वडील, ज्यांना आम्ही आणि निम्मे कबनूर अण्णा म्हणत असू, हे खर्चीवाले यंत्रमागधारक होते. म्हणजे सूत दुसऱ्याचे, कापड दुसऱ्याचे. माग, वीज आणि घाम आपला. आणि मिळकत मीटरमागे काही पैशांची. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसवला आणि जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी या धंद्याला आसरा दिला, हा इतिहास इकडची शाळकरी पोरेही सांगतात. कमी सांगितली जाते ती गोष्ट अशी, की पुढे या गावाचा आणि त्याला चिकटून वाढलेल्या आमच्या कबनूरचा खडखडाट पुष्कळसा दुसऱ्यांनी टाकलेल्या यंत्रांवर उभा राहिला. मुंबईच्या गिरण्यांतून मोडीत निघालेले साधे माग इकडे आले. १९८२ चा संप झाला, गिरण्या आजारी पडल्या, आणि त्यांचे लोखंड ट्रकांतून गावोगाव पांगले. पुढच्या पिढीत तीच गोष्ट परदेशातून झाली. युरोपातल्या कारखान्यांनी वापरून काढलेले धोट्याविना चालणारे माग बंदरात उतरून इचलकरंजीत बसले आणि आजही कापड विणत आहेत.

अण्णांचे पहिले चारही माग असे दुसऱ्या हातचे होते, नंतरचे चारही. विकत घेताना त्यांची एक पद्धत होती. मागाला हात लावण्याआधी ते विकणाऱ्याला बोलू देत. मग क्रँक शाफ्ट हाताने एक पूर्ण फेरा फिरवत, डोळे मिटून. कुठे अडतो, कुठे सैल जातो, हे त्यांना त्या एका फेऱ्यात कळे. माग कुठून आला, कुणी चालवला, तो कामगार कुठे गेला, असे काही ते विचारीत नसत. आम्ही महाविद्यालयात असताना, म्हणजे सर्व प्रश्नांवर मत असण्याच्या वयात, एकदा त्यांना म्हणालो होतो की संपात उद्ध्वस्त झालेल्या माणसांची यंत्रे आपण स्वस्तात घेतो हे बरोबर नाही. अण्णा रागावले नाहीत. "मी घेतला नाही तर भट्टीत जाईल," एवढेच म्हणाले आणि धोट्यात कांडी भरू लागले.

अशा माणसाने आयुष्यात एकच यंत्र नवे कोरे विकत घेतले, ते म्हणजे ही गाडी. २००३ साली, प्लास्टिकचे आवरण असलेल्या आसनांसह. ते आवरण त्यांनी दोन वर्षे काढू दिले नाही. २०१६ साली अण्णा गेले. गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी २०१८ साली संपली, ती आम्ही वाढवून घेतली. २०२३ साली पुन्हा वाढवली, तेव्हा पूर्वी सहाशे रुपयांत होणाऱ्या त्या कामाचे शुल्क पाच हजार झालेले होते. आता २०२८ पर्यंत कागद शाबूत आहेत. म्हणजे कागदोपत्री गाडीला आणखी तीन वर्षे आयुष्य, आणि दुसऱ्या गिअरला बहुधा तीन आठवडेही नाही.

आमच्यासमोर प्रश्न होता तो वरकरणी हिशेबाचा. मेस्त्रींच्या अंदाजाने जुना गिअरबॉक्स सात-आठ हजारांत मिळेल. आपला उघडून दुरुस्त करायचा तर सुटे भाग किती लागतील त्यावर नऊ ते चौदा हजार. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबले, तेव्हा अख्ख्या नव्या गिअरबॉक्सची गोष्ट मेस्त्रींनी काढलीही नाही. उतरवण्या-चढवण्याची मजुरी दोन्हीकडे सारखीच. पण इथे एक मेख आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करणारे लोक हमखास फसतात. वापरलेला गिअरबॉक्स चांगला की वाईट हे गाडीला लावून, रस्त्यावर भाराखाली चालवल्याशिवाय पक्के कळत नाही. विकणारा पंधरा दिवसांत बदलून देण्याचे कबूल करतो. वस्तू बदलून देतो, मजुरी परत देत नाही. दुसऱ्यांदा उतरवावा लागला की स्वस्ताई तिथेच संपते. शिवाय खाली उतरवलाच आहे तर क्लच प्लेट आणि शाफ्टचे तेलसील नवे घालावेच लागते, नाहीतर चार महिन्यांनी त्यासाठी पुन्हा सगळे खोलावे लागते. आणि ओम्नीचा गिअरबॉक्स स्वस्त मिळतोय म्हणून कुणी गळ्यात मारू पाहिला तर भुलू नये. इंजिन त्याच घराण्यातले असले तरी ओम्नी मागच्या चाकांवर चालते, ८०० पुढच्या. ८०० मध्ये डिफरन्शियलही गिअरबॉक्सच्याच पोटात असते.

तिसरा पर्याय गाडी काढून टाकण्याचा. आमच्या एका सहकाऱ्याने तो मोठ्या कळकळीने मांडला. पंचवीस-तीस हजारांच्या गाडीत पंधरा हजार घालणे हा भावुकपणा आहे, मिरजेला जायला भाड्याची गाडी मिळते, असे त्यांचे म्हणणे. हिशेब बिनतोड होता. पण आम्ही एकदा भाड्याची गाडी करून पाहिलेली होती. काचा बंद, थंड हवा, आणि पुढे टांगलेल्या सुगंधी बाटलीचा वास. उदगावपर्यंत पोहोचेतो आईला तीनदा थांबावे लागले, आणि चालकाने तोंडाने काही न बोलता आसनावर वर्तमानपत्र अंथरले. आमच्या गाडीत वातानुकूलन नाही. काच हाताने फिरवून हवी तेवढी उघडता येते, आणि मागच्या आसनावर कोणत्या अंगावर निजले की धक्के कमी बसतात हे आईला वीस वर्षांच्या सवयीने ठाऊक आहे. दर एकवीस दिवसांनी जाऊन यायचे, अजून पाच वेळा. आम्हांला तीन वर्षांचा गिअरबॉक्स नको होता, पाच फेऱ्यांचा हवा होता, पण त्या पाच फेऱ्यांत तो एकदाही सुटता कामा नये.

या दिवसांत आम्ही वर्गात मर्ढेकर शिकवीत होतो. 'काही कविता' १९४७ चा. त्यातले यंत्र, त्यातली यंत्रासारखी होत गेलेली माणसे, याविषयी आम्ही गेली पंचवीस वर्षे तेच ते बोलत आलो आहोत. त्या आठवड्यात बोलताना प्रथमच असे जाणवले, की आपल्या साहित्यात यंत्र येते ते एक तर राक्षस म्हणून किंवा प्रगतीचा रथ म्हणून. गिरणीचा भोंगा आहे, चाकाखाली चिरडणे आहे, नारायण सुर्व्यांच्या कवितेत कामगाराचा ताठ स्वर आहे; पण दुरुस्ती नाही. बिघडलेल्या यंत्राशेजारी उकिडवे बसून, तेल बोटांत चोळून, आता याचे काय करावे असा विचार करणारा माणूस मराठी कवितेत आम्हांस तरी आठवेना. कोल्हापुरात तर तो पावलोपावली आहे. शिवाजी उद्यमनगरात शेतीची तेल-इंजिने बनवणारे आणि दुरुस्त करणारे हात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी कॅमेरा उघडून, समजून घेऊन स्वतः तयार केला, त्या गावच्या साहित्याला हा विषय सुचू नये याचे आश्चर्य वाटते. आमचे वाचन तोकडे असेल तर वाचकांनी जरूर दुरुस्त करावे.

मिलिंदप्रश्नातला रथही या निमित्ताने आठवलाच. भिक्षू नागसेन मिलिंद राजाला विचारतो, तू रथातून आलास ना, मग धुरा म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो, आणि शेवटी कबूल करतो की या साऱ्यांच्या आधाराने 'रथ' हे नुसते नाव पडले आहे. या दृष्टांतावर, आणि शब्दही सगळे दुसऱ्यांनी वापरलेलेच असतात या मुद्द्यावर, आम्ही एक बरा निबंध लिहू शकलो असतो. तशी दोन पाने लिहिलीही होती. मग लक्षात आले की नागसेनाच्या रथात कुणी आजारी माणूस झोपलेले नव्हते. ती पाने फाडून टाकली.

रविवारी मेस्त्रींबरोबर आम्ही कोल्हापूरला एका भंगार विक्रेत्याकडे गेलो. पत्र्याच्या छपराखाली गिअरबॉक्स ओळीने मांडलेले, मांडीएवढ्या उंचीचे, काळे, तेलकट. त्यांच्यावर खडूने आकडे. पहिला मेस्त्रींनी उचलून आडवा केला, त्याच्या भोकातून उरलेले तेल बोटावर घेतले. ते दुधासारखे पांढरट होते. "पुरातला," असे म्हणून त्यांनी तो खाली ठेवला. २०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत पंचगंगेच्या आणि कृष्णेच्या काठच्या कित्येक गाड्या पाण्याखाली गेल्या. गिअरबॉक्सला हवा जाण्यायेण्यासाठी एक बारीक वाट ठेवलेली असते, तिच्यातून पाणी शिरते आणि तेलाशी घुसळले जाते. तेल बदलले की रंग जातो. बेअरिंगवर बसलेला गंज जात नाही. दुसऱ्याचे आवरण सांधलेले निघाले. तिसऱ्याचा शाफ्ट मेस्त्रींनी हाताने फिरवला. एकेक गिअर पाडून पुन्हा फिरवला. मग आमच्याकडे पाहून म्हणाले, "सर, तुम्ही फिरवून बगा."

आम्ही शाफ्ट धरला, आणि नकळत डोळे मिटले. तो कुठेही अडला नाही.

"एक नंबर आहे," विक्रेता म्हणाला. "अॅक्सिडेंटच्या गाडीचा. मागनं दाबली होती. गाडी जास्त चाललीच न्हवती." आणि त्याने छपराच्या टोकाला बोट दाखवले. गाडी अजून तिथेच होती, तिचे काढण्याजोगे सगळे काढून घेतलेले. मागचा भाग पुढच्या आसनांपर्यंत आत गेला होता. आरशाला एक सुकलेली लिंबू-मिरची लटकत होती आणि मागच्या तडकलेल्या काचेवर कुणा बालवाडीच्या मुलाने चिकटवावीत तशी रंगीत फुलपाखरे होती.

या धंद्याचे हे एक साधे सत्य आहे आणि विक्रेत्याने ते लपवले नाही, उलट गुण म्हणून सांगितले. म्हातारपणाने मोडीत निघालेल्या गाडीचे भाग झिजलेले असतात; अकाली गेलेल्या गाडीचे भाग उत्तम असतात. चांगला जुना गिअरबॉक्स शोधायला निघालेला माणूस खरे तर एखादा अपघात शोधायला निघालेला असतो. मागच्या आसनावर कोण होते हे आम्ही विचारले. विक्रेता म्हणाला, आपल्याला काय माहीत, इन्शुरन्सवाल्याकडून लिलावात घेतली. ते खरेही असेल. आम्ही चहा घेऊन येतो असे सांगून रस्त्यावर गेलो आणि चहा न घेता उभे राहिलो. ज्या प्रश्नावरून आम्ही अण्णांना ऐकवले होते तोच प्रश्न आता आमच्या पुढ्यात होता, आणि तेव्हा असलेले मत आता जवळ नव्हते.

मेस्त्री बाहेर आले. "घ्यायचा का न्हाई?" आम्ही म्हणालो, "आईला विचारतो." मेस्त्रींना यात काही वावगे वाटले नाही. त्यांनी विक्रेत्याला दोन दिवस थांबायला सांगितले.

आईला आम्ही सगळे सांगितले, फुलपाखरेही. सांगायला नको होती असे पत्नीचे मत पडले. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मागच्या खेपेला मला दोन पिशव्या रक्त चढवलं, ते कुणाचं ते तू विचारलंस का?" आम्ही विचारले नव्हते. "मग?" ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "चांगला आहे ना पण? अण्णांसारखा फिरवून बघितलास ना?"

गिअरबॉक्स सात हजारांना आला. तो तसाच बसवला असे मात्र झाले नाही. मेस्त्रींनी आमचाही उघडला. कुतूहलाने म्हणा किंवा सवयीने. आमचे दुसऱ्याचे दात खरोखरच गोलावलेले होते आणि ज्या फोर्कने गिअर सरकतो तो किंचित वाकला होता. पण आमचे आवरण आणि डिफरन्शियल निर्दोष होते, उलट नव्याच्या, म्हणजे जुन्याच्या, डिफरन्शियलच्या एका बेअरिंगमध्ये त्यांना शंका आली. कदाचित त्या धक्क्यामुळे असेल. तेव्हा दोन दिवस खपून त्यांनी दोहोंचा एक केला. आवरण आणि डिफरन्शियल आमचे, शाफ्ट, गिअर आणि पितळी कड्या त्यांच्या, बेअरिंगे, क्लच प्लेट आणि तेलसील नवी. बिल पंधरा हजार चारशे झाले. म्हणजे सहकाऱ्याने सांगितलेल्या हद्दीच्या थोडे पुढेच. आता दुसरा गिअर लोण्यातून पडावा तसा पडतो. उलटा मात्र पूर्वीपेक्षा ताठ आहे. तिसऱ्यातला सूर गेला आहे आणि चौथ्यात एक अगदी वेगळा, खालच्या पट्टीतला सूर आला आहे. तो त्या गाडीचा असावा.

गाडी आणायला गेलो तेव्हा उरलेले सगळे मेस्त्रींनी एका पत्र्याच्या घमेल्यात ठेवले होते: आमचे गिअर, त्यांचे आवरण, वाकलेला फोर्क. वजनावर काय मिळेल असे आम्ही विचारले. "वजनावर कशाला, सर? ह्यातला तिसरा, चौथा झाक आहे. कुणाला तरी लागंल." त्यांनी बिलातून चारशे कमी केले आणि घमेले आत सरकवले.

पहिली फेरी गुरुवारी झाली. जाताना अंकलीच्या पुलावर आम्ही दुसरा टाकला आणि दांडीवरून हात काढला नाही. येताना आई उठून बसली होती, काच अर्धी उघडी ठेवून.